भयकथांच्या सिनेमातली एक गोष्ट मी कापली

गच्चीवरचा_पडदा (शनिवार, रात्री ११.५०)

आमच्या नाशिकच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सिनेमा लावतो. उन्हाळ्यात गच्चीवर, पावसाळ्यात क्लब हॉलमध्ये. वर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर, पांढरी चादर, सतरंज्या आणि वीस-बावीस माणसं. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या शनिवारी 'डेड ऑफ नाइट' लावला. १९४५चा, ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओचा. चार दिग्दर्शक, पाच गोष्टी. वॉल्टर क्रेग नावाचा आर्किटेक्ट कामानिमित्त गावाबाहेरच्या एका घरी येतो आणि दिवाणखान्यात बसलेली सगळी माणसं आपल्याला पुन्हा पुन्हा पडणाऱ्या स्वप्नातली आहेत हे त्याच्या लक्षात येतं. मग जमलेल्यांपैकी एकेक जण आपला अनुभव सांगू लागतो. शवगाडीचा चालक, नाताळच्या पार्टीत आडखोलीत भेटलेला मुलगा, नवऱ्याला भलतीच खोली दाखवणारा आरसा, गोल्फ खेळणारे दोन मित्र आणि शेवटी शब्दभ्रमकार व त्याचा ह्यूगो नावाचा बाहुला. (ह्यूगो पडद्यावर आल्यावर आमच्या इथल्या एका सातवीतल्या मुलाने 'हा तात्या विंचूच्या आधीचा का?' असं विचारलं. बराच आधीचा.)

गोल्फची गोष्ट मला कधीच आवडली नाही. दोन मित्रांचं एकाच बाईवर प्रेम. कोणी माघार घ्यायची ते गोल्फच्या सामन्यावर ठरतं. हरलेला तळ्यात चालत जाऊन जीव देतो आणि भूत होऊन जिंकलेल्याला छळायला येतो, कारण सामना लबाडीने जिंकलेला असतो. सगळं विनोदी अंगाने. मूळ कल्पना एच. जी. वेल्सची असली तरी मला ती दुधात मिठाचा खडा पडल्यासारखी वाटते. म्हणून माझ्या डीव्हीडीवरून फाइल तयार करताना मी ती काढून टाकली. जोड नीट जमवला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सिनेमा संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापलं सांगितलं, घरमालक तेवढा गप्प राहिला. मला शेवटपर्यंत वाटत होतं, हाच काहीतरी निघणार." आणखी दोघांनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

गोल्फची गोष्ट घरमालकच सांगतो. ती गेली आणि त्या भल्या माणसावर संशय बसला. दिग्दर्शकांच्या डोक्यात नव्हतं असं एक रहस्य मी सिनेमात घातलं. त्या लोकांनी त्या रात्री 'डेड ऑफ नाइट' पाहिलाच नाही, ही गोष्ट आठवडाभर मनातून जात नाहीये.

अँथॉलॉजी, म्हणजे अनेक छोट्या गोष्टींचा मिळून एक सिनेमा, म्हटली की उडदामाजी काळे-गोरे असायचेच. पाचातल्या दोन लक्षात राहतात, दोन बऱ्या असतात, एक फसते. तरी या प्रकारावर माझा जीव आहे. दोन तासांच्या भयपटात नायिका वाचणार हे आपण तिकीट काढतानाच धरून चाललेलो असतो. वीस मिनिटांच्या गोष्टीत तसलं आश्वासन कोणी दिलेलं नसतं. दार उघडतं, काहीतरी दिसतं, संपलं. ते का आलं, त्याचा उतारा काय, हे कोणी समजावत बसत नाही. पण फसलेल्या गोष्टीचं काय करायचं? ती काढता येते का? तुम्ही अशी कोणती गोष्ट काढून टाकाल? आणि काढल्यावर मागे काय उरेल?

(पुढच्या प्रतिसादांत रहस्यभेद होणार हे गृहीत धरा.)

पाचवा_डबा (रविवार, सकाळी ८.१५)

काकूंना नमस्कार सांगा. प्रेक्षक असा हवा.

तुम्ही केलंत ते अमेरिकेत आधीच झालंय. तिकडे हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा वितरकांनी गोल्फ आणि नाताळची पार्टी या दोन्ही गोष्टी उडवल्या होत्या. आता शेवट आठवा. क्रेगच्या दुःस्वप्नात सगळ्या गोष्टी एकमेकींत घुसतात. तो पळत त्या पार्टीच्या घरात शिरतो, मुलं त्याला घेरतात, मग बाहुल्याची कोठडी, तिथे पुन्हा शवगाडीवाल्याचा चेहरा आणि 'आत एकाचीच जागा आहे, साहेब'. पार्टीची गोष्टच पाहिली नसेल तर ते घर कोणाचं, ती मुलं कुठली, काय कळणार? शेवट म्हणजे आधीच्या सगळ्या उधारीची वसुली आहे, आणि यांनी उधारीची पानंच फाडली.

आणखी एक ऐकण्यासारखी गोष्ट. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड हे तीन शास्त्रज्ञ मिळून हा सिनेमा पाहायला गेले होते. जिथे सुरू तिथेच संपणारी त्याची रचना पाहून त्यांच्यात जी चर्चा झाली, तिच्यातून पुढे १९४८मध्ये विश्वाच्या स्थिर स्थितीचा, म्हणजे विश्वाला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही असं सांगणारा, सिद्धांत आला. तो सिद्धांत नंतर मागे पडला. पण भुताच्या सिनेमातून विश्वाचा विचार निघाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रेघ_आणि_रीळ (रविवार, सकाळी १०.४०)

मी मुंबईत एडिटिंग करते, बहुतेक काम मालिकांचं. तुमचा धागा वाचून रात्रीच सिनेमा पुन्हा काढून पाहिला.

गोल्फच्या आधी काय आहे बघा. आरशाची गोष्ट. रॉबर्ट हॅमरने केलेली. ती संपते तेव्हा नवरा बायकोचा गळा आवळत असतो आणि ती हात लांब करून आरसा फोडते. तिथे प्रेक्षकाला दोरीसारखा पीळ बसलेला असतो. त्याच पिळावर थेट बाहुला आणला तर दोन मिनिटांत माणूस थकतो. थकलेला माणूस घाबरत नाही, तो घड्याळ बघतो. हे मी रोज टेबलवर बघते. सलग तीन ताणाचे प्रसंग लावले की तिसरा मेलाच.

गोल्फमध्ये लोक हसतात, अंग सैल सोडतात, पाय लांब करून बसतात. दिवाणखान्यातली पात्रंही हसत असतात, घरमालक वातावरण हलकं करायलाच ती सांगतो. आणि मग इतका वेळ सगळ्यांचं शांतपणे खोडून काढणारा डॉक्टर म्हणतो की मलाही एक अनुभव आहे, ज्याचा उलगडा मला झालेला नाही. त्या वाक्याने खोलीतली हवा बदलते. आधी कोणी हसलेलं नसेल तर ती बदललेली कळणार कशी?

तुम्ही कापली ती गोष्ट साधी असेल. पण तिची जागा चुकलेली नव्हती.

गच्चीवरचा_पडदा (रविवार, दुपारी १.०५)

रेघताई, जागेचं पटलं. पण एक विचारतो. जागा बरोबर असली तरी गोष्ट साधी ती साधीच ना? त्याच जागेवर, तितकीच हलकी पण अधिक चांगली गोष्ट असती तर? फसलेल्या गोष्टीला 'विसावा' म्हटलं की सगळंच माफ होतं, असं तर नाही?

जास्वंद_७ (रविवार, दुपारी ३.३०)

नाही होत माफ. इथे मला थोडं विरोधात बोलायचंय.

अँथॉलॉजी बऱ्याचदा कलेच्या ओढीने नाही, हिशेबाने जन्माला येते. ब्रिटनच्या ॲमिकस कंपनीचं बघा. मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग हे तिचे निर्माते. सुबोत्स्कीला 'डेड ऑफ नाइट' अतिशय प्रिय होता आणि १९६५च्या 'डॉ. टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स'पासून त्यांनी असे सिनेमे ओळीने काढले. यात सोय अशी की मोठा नट चार-पाच दिवसांसाठी घ्यायचा, त्याची गोष्ट उरकायची, पोस्टरवर मात्र सगळे चेहरे एकत्र. सोय वाईट नव्हे, पण तिच्यामुळे भरतीच्या गोष्टी आल्या. आणि चौकट, म्हणजे सगळ्या गोष्टींना बांधणारी बाहेरची गोष्ट, बऱ्याचदा तीच. पाच अनोळखी माणसं एकत्र येतात, त्यांची भविष्यं किंवा स्वप्नं सांगितली जातात, शेवटी कळतं की ती कधीच मेलेली आहेत. 'डॉ. टेरर्स'मधल्या रेल्वेच्या डब्यात तेच, 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मधल्या भुयारात तेच, 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'च्या तळघरातही तेच. तिसऱ्या वेळी आपण पात्रांच्या आधी मेलेले असतो.

पण त्याच 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये (१९७२) पीटर कुशिंगचा ग्रिम्सडाइक आहे. कचरा गोळा करण्याच्या कामात आयुष्य गेलेला म्हातारा विधुर, कुत्री आणि गल्लीतली मुलं एवढंच त्याचं जग. शेजारचे श्रीमंत बापलेक त्याचं घर डोळ्यात सलतं म्हणून त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतात. व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याच्या दारात कार्डांचा ढीग येतो, तो आनंदाने एकेक उघडतो आणि प्रत्येकात शिवी निघते. कुशिंगची बायको १९७१च्या जानेवारीत गेली होती. तो मेलेल्या बायकोच्या फोटोशी बोलतो तेव्हा मला पडद्याकडे बघवत नाही. त्या सिनेमातल्या इतर दोन गोष्टी उद्या नाहीशा झाल्या तर मला कळणारही नाही. ही गेली तर मी रडेन.

'स्पिरिट्स ऑफ द डेड' (१९६८) घ्या. एडगर ॲलन पोच्या तीन कथा. रॉजर व्हादिम, लुई माल आणि फेलिनी. व्हादिमचा भाग निव्वळ कपडेपट आहे. मालचा बरा. आणि मग फेलिनीचा 'टोबी डॅमिट'. टेरेन्स स्टँप, दारूने खंगलेला नट, रोमचा विमानतळ, चेंडू घेऊन उभी असलेली पांढऱ्या कपड्यांतली मुलगी. तिथे पोहोचायला व्हादिम सहन करावाच लागतो, हे मी मानत नाही. तिथे कात्री चालवा, काहीही बिघडणार नाही.

शेवंती (रविवार, दुपारी ४.२०)

जास्वंदला अनुमोदन. २०२०च्या १ जानेवारीला नेटफ्लिक्सवर 'घोस्ट स्टोरीज' आला. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी, करण जोहर. मी दिबाकरची गोष्ट तीनदा पाहिली आहे, बाकीच्या एकदाच. आडगावात बदलीवर आलेला माणूस, उरलेली मुलं, हललं की मारतात, बोललं की मारतात, आणि वाचायचं असेल तर आपल्याच माणसांना खाणाऱ्यांत सामील व्हायचं. ती मी एकटी उचलून कोणालाही दाखवू शकते. झोयाच्या गोष्टीत सुरेखा सिक्री आहेत, तेवढ्यासाठी तीही. पण चौघींना बांधणारं काहीच नाही. चौघांनी आपापल्या घरून डबे आणले, ते एका टेबलवर ठेवले, एवढंच. त्याला पंगत म्हणत नाहीत.

तुमच्या काकूंना तिथे घरमालकाचा संशय आलाच नसता, कारण घरच नाही.

गच्चीवरचा_पडदा (रविवार, सायं. ६.००)

शेवंतीताई, हे वाचून माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. गोष्टी कमी-जास्त आहेत का, हा प्रश्न मी उगाच धरून बसलो होतो. त्या असणारच. एक गोष्ट ओढून काढली तर उरलेल्यांना दुखतं का, हे बघायला हवं. दुखत असेल तर तो एक सिनेमा आहे, त्यातली कच्ची गोष्टसुद्धा त्याच्या अंगाचा भाग आहे. दुखत नसेल तर ती नुसती बांधलेली मोट. मग मोटेतली चांगली काठी काढून घ्यावी, त्यात पाप नाही.

चांदोबा_जुने_अंक (रविवार, रात्री ९.३०)

मग वेताळपंचविशी आठवायला हवी. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात ती घेतली, आपण ती चांदोबात महिन्यामहिन्याला वाचली, आणि १९८५च्या सुमारास दूरदर्शनवर पाहिली.

वेताळाच्या बहुतेक गोष्टींत भीती नाहीच. त्या कोडी आहेत. कोण अधिक उदार, खरा नवरा कोणता, धड कोणाचं आणि डोकं कोणाचं. काही तर अगदीच सुमार. भीती कुठे आहे? स्मशानात, शिंशपाच्या झाडावर, आणि राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात. आत कितीही साधी गोष्ट चालली असली तरी बाहेर अंधार आहे, मढ्याचं ओझं आहे आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलं तर डोक्याची शकलं होणार आहेत.

यातली एखादी कापून बघा. राजा चोवीस वेळा तोंड उघडतो, चोवीस वेळा परत झाडाकडे जातो. शेवटच्या वेळी बापाने एका राजकन्येशी आणि त्याच्या मुलाने त्या राजकन्येच्या आईशी लग्न केल्याची गोष्ट येते. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सापडत नाही, तो पहिल्यांदाच गप्प चालत राहतो. त्या गप्प बसण्याला वजन आहे ते आधीच्या चोवीस बडबडींचं. पाच गोष्टींनंतर तो गप्प बसला असता तर काय वाटलं असतं? काहीच नाही.

ओसाकावासी (सोमवार, पहाटे ५.१०)

इथे जपानमध्ये आठ वर्षं झाली. मासाकी कोबायाशीच्या 'क्वायदान'शिवाय हा धागा पुरा होणार नाही.

१९६४ साल, तीन तासांचा सिनेमा, चार गोष्टी. १९६५ला कान चित्रपट महोत्सवात विशेष ज्युरी पारितोषिक. सेट विमानांच्या हँगरमध्ये उभारलेले. आकाश रंगवलेलं आहे हे लपवायचा प्रयत्नही नाही. हिमस्त्रीच्या गोष्टीत त्या आकाशात चक्क डोळे आहेत, मोठे, न मिटणारे. तोरू ताकेमित्सुचं संगीत म्हणजे लाकूड फाटल्याचे आवाज आणि मध्ये लांबच लांब शांतता.

यातल्या कथा लाफ्काडिओ हर्नच्या पुस्तकांतल्या. हर्न जन्माने ग्रीक बेटावरचा, वाढला आयर्लंडमध्ये, संसार जपानमध्ये. गोष्टी त्याला बायको सेत्सु सांगायची. पुस्तकातून वाचून दाखवलेलं त्याला चालत नसे. दिव्याची वात बारीक करून, तिच्या शब्दांत, तिने स्वतः सांगायचं. म्हणजे या सिनेमाच्याही मागे कोणीतरी सांगणारं बसलेलं आहे, फक्त ते पडद्यावर दिसत नाही.

हा सिनेमा अमेरिकेत गेला तेव्हा हिमस्त्री कापली! चारातली सर्वांत देखणी गोष्ट. कारण लांबी. म्हणजे कात्री दर वेळी कच्च्या गोष्टीवरच चालते असंही नाही.

होइचीची गोष्ट सगळ्यांत मोठी. बिवा हे तंतुवाद्य वाजवणारा आंधळा भिक्षू दान-नो-उराच्या लढाईचं (११८५) गाणं गातो आणि त्या समुद्रात बुडालेल्या हेइके घराण्याची भुतं त्याला रोज रात्री ऐकायला बोलावतात. त्याला वाचवण्यासाठी मठातले लोक त्याच्या अंगभर बौद्ध सूत्रं लिहितात, कान राहून जातात. मी शिमोनोसेकीला जाऊन आलोय. आकामा देवळात होइचीची मूर्ती आहे, शेजारी हेइकेंच्या समाध्या आहेत, आणि समोर ती सामुद्रधुनी. दिवसाढवळ्या गेलो होतो. पाणी इतकं जोरात वाहत होतं की मी फार वेळ थांबलो नाही.

मात्र मला सांगायचंय ते चौथ्या गोष्टीबद्दल, 'चहाच्या कपात'. बरेच जण तिला सिनेमातली लंगडी गोष्ट म्हणतात. एका सामुराईला प्यायच्या कपात अनोळखी माणसाचा हसरा चेहरा दिसतो, तो तसाच पिऊन टाकतो, मग तो माणूस समोर येतो, मग त्याची माणसं येतात, आणि गोष्ट तुटते. कारण लेखकाने ती पुरी केलेलीच नाही. प्रकाशक लेखकाच्या घरी येतो. हस्तलिखित पडलेलं, लेखक नाही. आणि पाण्याच्या रांजणात बघतो तर लेखक आतून हाक मारतोय.

आता मागे वळून बघा. आधीच्या तीन गोष्टी आपण सुरक्षितपणे ऐकल्या होत्या. पुरातन काळातल्या, दूरच्या, कोणाच्यातरी. चौथी गोष्ट येऊन सांगते की लिहिणाराच वाचलेला नाही. चौकट पहिल्या मिनिटाला न येता शेवटी आली. लंगडी म्हणून ती काढली तर उरलेला सिनेमा तीन सुंदर चित्रं होऊन भिंतीवर टांगला जाईल.

इथे एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) शंभर भुताच्या गोष्टी सांगायचा खेळ होता. शंभर वाती लावायच्या, एक गोष्ट झाली की एक विझवायची. खोली हळूहळू अंधारते. शंभरावी वात विझली की खरंच काहीतरी येतं, म्हणून नव्व्याण्णववर थांबायचे. तिथे कोणाची गोष्ट किती चांगली याचा हिशेब नव्हता. रटाळ गोष्टीनेही एक वात विझायचीच.

रेघ_आणि_रीळ (सोमवार, सकाळी ९.००)

वातींचं वाचून अंगावर काटा आला. कामाला बसण्याआधी एवढंच लिहिते.

उंबरठा (सोमवार, रात्री १०.२५)

नऊ वर्षं कोलकात्यात राहिले, म्हणून हे माझं काम.

सत्यजित रायचा 'तीन कन्या', १९६१, टागोरांच्या जन्मशताब्दीचा. 'पोस्टमास्टर', 'मणिहारा', 'समाप्ती'. मधली भुताची. परदेशात हा सिनेमा 'टू डॉटर्स' नावाने गेला, मणिहारा गाळून. तीन कन्यांच्या दोन झाल्या आणि जगातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं तोच सिनेमा पूर्ण समजून पाहिला.

गंमत बघा, हा धागा सुरू झाला तो भीतीच्या सिनेमातून विनोद कापला म्हणून. इथे दोन मायेच्या गोष्टींतून भीती कापली गेली. मणिहारा गेली की रतन आणि मृण्मयी या दोन मुली उरतात, आपल्याला जीव लावणाऱ्या. दागिन्यांशिवाय कशावरच प्रेम करू न शकलेली मणिमालिका जाते. तीन कन्यांमधली जी प्रेमळ नाही तीच नाहीशी होते. हे मला फार खटकतं.

आणि त्या गोष्टीची आतली चौकट! नदीच्या घाटावर एक शाळामास्तर घोंगडी पांघरलेल्या अनोळखी माणसाला ओसाड वाड्याची हकीगत सांगतोय. दागिन्यांसकट निघून गेलेली बायको, तिची वाट बघणारा नवरा, रात्री जिन्यावर वाजणारे दागिने, आणि दागिन्यांच्या पेटीवर पडलेला हाडांचा हात. गोष्ट संपल्यावर ऐकणारा म्हणतो, छान सांगितलीत, पण चुका बऱ्याच आहेत. कारण फणिभूषण मीच. आणि तो जागच्या जागी विरून जातो.

सांगणाऱ्याच्या समोरच ती गोष्ट बसलेली होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दिवा लावून झोपले होते.

बंगालीत ही बैठकीची परंपरा पुढेही चालू आहे. संदीप रायच्या 'जेखाने भूतेर भॉय'मध्ये (२०१२) तारिणीखुडो पोरांना जमवून तीन गोष्टी सांगतो. त्या तिन्ही सारख्या तोलाच्या नाहीत, पण म्हातारा इतका लोभस आहे की कच्च्या गोष्टीतही आपण त्याच्यासाठी बसून राहतो.

सफरचंद_नको (मंगळवार, सकाळी ७.४५)

'डरना मना है' (२००३) कोणीच काढला नाही? जंगलात गाडी बंद पडलेले मित्र, शेकोटी, सहा गोष्टी. शिल्पा शेट्टी आणि स्वस्त सफरचंदं विकणारा राजपाल यादव. सैफ आणि सिगारेट ओढू न देणारा हॉटेलवाला बोमन इराणी. नाना पाटेकर आणि विवेक ओबेरॉय रात्रीच्या गाडीत. शाळकरी वयात पाहिला, आज त्यातल्या दोन गोष्टी आठवतच नाहीत. पण मंडईत एकसारखी लालभडक सफरचंदं स्वस्तात दिसली की आजही माझा हात मागे येतो. वीस वर्षं झाली.

अंतर्देशीय (मंगळवार, दुपारी १२.१०)

मराठीत या प्रकारासाठी सगळं साहित्य पडलेलं आहे, हे बोलायलाच हवं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी. 'नवल' आणि 'धनंजय'चे दिवाळी अंक. आमच्या घरी अंक आला की वडील आधी अनुक्रमणिका बघून आवडत्या लेखकाचं पान उघडायचे. छापील संग्रहात हे चालतं, क्रम वाचकाच्या हातात असतो. मतकरींच्या 'गहिरे पाणी'ची मालिका आली तेव्हा एखादा भाग बेताचा निघाला तरी पुढच्या आठवड्यात भरपाई व्हायची. सिनेमात दोन्ही नाही. क्रम दुसऱ्याने ठरवलेला आणि भरपाई त्याच बैठकीत व्हायला हवी.

म्हणून मतकरींच्या पाच गूढकथा एकत्र करून सिनेमा करावा असं कोणी म्हणालं की मला आधी एकच विचारावंसं वाटतं, सांगणारा कोण? 'खेकडा' सगळ्यांना माहीत आहे, ती कोणीही घेईल. तिच्या आधी काय आणि नंतर काय? मला वाटतं तो सांगणारा दिवाळी अंकाचा संपादक असावा. सप्टेंबरची रात्र, अंक छापायला जायचाय, एक पान रिकामं आहे, आणि टपालाने एकेक हस्तलिखित येतंय. बेताची कथाही तो वाचणारच, कारण पान भरायचंय. आणि प्रत्येक पाकिटावरचा पत्ता त्याच्या घराच्या थोडा जवळ सरकलेला आहे.

रेघ_आणि_रीळ (मंगळवार, दुपारी १२.४०)

अंतर्देशीय, हे कागदावर उतरवा. मी एडिट करून देते. मनापासून सांगते आहे.

जास्वंद_७ (मंगळवार, दुपारी २.१५)

माझं मत तसं कायम आहे, व्हादिमचा भाग मी आजही कापेन. पण ॲमिकसबद्दल थोडं मागे घेते. काल रात्री 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' सलग पाहिला. ग्रिम्सडाइकच्या आधीच्या दोन गोष्टी घाईच्या आहेत, झटपट पाप आणि झटपट शिक्षा. त्या पाहून आपलं मन निबर होतं, की ही माणसं वाईटच, होऊ दे त्यांचं काय व्हायचं ते. आणि अशा वेळी हा सज्जन म्हातारा येतो. मी तयारच नव्हते. ते मुद्दाम केलेलं आहे की आपोआप झालंय, सांगता येणार नाही.

गच्चीवरचा_पडदा (पुढचा महिना, रविवार, दुपारी १२.३०)

धागा वर काढतो, कारण सांगण्यासारखं आहे.

काल क्लब हॉलमध्ये 'डेड ऑफ नाइट' पुन्हा लावला. अखंड. सुरुवातीला उभं राहून सांगितलं की गेल्या वेळी मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती, आज ती दाखवतो, माफ करा. पाऊस मोठा होता, तरी एकोणीस जण आले.

गोल्फच्या गोष्टीला लोक हसले. भुताला नाहीसं व्हायचे हातवारे आठवत नाहीत, तिथे तर मागच्या रांगेतले आजोबा खोकला येईपर्यंत हसले. मी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत होतो. रेघताई, तुम्ही लिहिलेलं डोळ्यांनी पाहिलं. पाय लांब झाले, कोणी पाठ टेकली, पोहे फिरले. मग डॉक्टर बोलू लागला. ह्यूगोने पहिल्यांदा मान वळवली तेव्हा पोह्यांची बशी हातात तशीच धरून बसलेली निदान चार माणसं मला दिसली.

गोल्फची गोष्ट मला अजूनही फार आवडत नाही. पण मी तिला हात लावणार नाही.

सिनेमा संपल्यावर काकू भेटल्या. म्हणाल्या, "घरमालकावरचा संशय गेला. आता वाटतंय, त्या डॉक्टरने आपली गोष्ट सांगायला नको होती. सांगितली आणि मेला."

पुढच्या महिन्यात 'क्वायदान' लावतोय, हिमस्त्रीसकट. तीन तास आहेत, म्हणजे मध्यंतर घ्यावंच लागेल. ओसाकावासी, कुठे थांबू?

ओसाकावासी (रविवार, दुपारी ४.००)

हिमस्त्रीनंतर थांबा, होइचीच्या आधी. होइची मध्येच तोडू नका, लोक कितीही चुळबुळले तरी.

आणि मध्यंतरात चहा देऊ नका, पाणी द्या. चहा होइची संपल्यावर, चौथी गोष्ट सुरू होताना फिरवा. कप हातात असू दे.